शिक्षकाची रिकामी जागा कोणाच्या टेबलावर असते?

वाळवा तालुक्यातल्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे. गावातल्या झेडपीच्या सातवीपर्यंतच्या शाळेत त्या शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष आहेत. दोन वर्षं झाली, शाळेत एक शिक्षक कमी आहे. केंद्रप्रमुख म्हणतात, गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. गटशिक्षणाधिकारी म्हणतात, सांगलीला जा. सांगलीत सांगतात, भरती शासन करतं. तोवर गावातली निम्मी पोरं हायवेकडच्या सीबीएसई शाळेच्या पिवळ्या गाडीत बसायला लागली. तेव्हा त्यांचा प्रश्न असा, की शाळेवर नक्की चालतं कोणाचं? पुस्तकात काय शिकवायचं ते कोण ठरवतं? आणि त्या इंग्रजी शाळेकडे कोणी बघतं का?

ताई, मी आधी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात शिक्षक होतो. आंतरजिल्हा बदलीने सांगलीत आलो, त्यात सेवाज्येष्ठता पार तळाला गेली. पुढे केंद्रप्रमुख झालो आणि विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो. म्हणजे तुम्हाला ज्यांनी ज्यांनी पुढच्या दारात पाठवलं, त्यातल्या दोन खुर्च्यांवर मी स्वतः बसलेलो आहे. त्यातलं कोणी तुमच्याशी खोटं बोललं नाही. प्रत्येकाने आपल्या टेबलापुरतं खरं सांगितलं, एवढंच.

पहिली गोष्ट ऐकली की बहुतेक पालक चमकतात. झेडपीचा शिक्षक नोकरीच्या बाबतीत शिक्षण खात्याचा माणूस नाही, तो जिल्हा परिषदेचा कर्मचारी आहे. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १ मे १९६२ ला लागू झाला आणि प्राथमिक शाळा झेडपीकडे आल्या. नेमणुकीचा अधिकार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा, म्हणजे सीईओंचा. बदल्यांचं धोरण काढतो ग्रामविकास विभाग. शिक्षकाने वर्गात काय शिकवायचं ते मात्र शालेय शिक्षण विभाग सांगतो, आणि भरतीही त्याच खात्याच्या पवित्र पोर्टलवरून होते. त्यासाठी आधी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायला लागते, मग अभियोग्यता चाचणीतले गुण धरतात. झेडपीने बिंदुनामावली, म्हणजे आरक्षणानुसार जागांची यादी, तपासून घेऊन जाहिरात टाकली तरच पोर्टलवर तुमच्या जिल्ह्याची जागा दिसते. म्हणजे एका शिक्षकामागे मंत्रालयातले दोन विभाग, आणि दोघांचे मजले वेगळे.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर याच्याही आधी दडलेलं आहे. तुमच्या शाळेत जागा रिकामी आहे, की जागाच नाही? गावात दोन्हीला "मास्तर नाही" एवढंच म्हणतात. कागदावर या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. मंजूर जागा रिक्त असेल तर भांडायला आधार आहे. जागा मंजूरच नसेल, तर सीईओंच्या दालनात दिवसभर बसलात तरी कोणी काही देऊ शकत नाही.

हे कळतं संचमान्यतेतून. शाळेत कोणत्या प्रकारची किती पदं मंजूर, याचा तो वर्षाचा हुकूम. तो निघतो ३० सप्टेंबरच्या पटावरून, आणि तोही आधार जुळलेल्या मुलांच्या. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात हिशेब दिलेला आहे. पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. सहावीपासून पुढे ३५ मुलांमागे एक, आणि भाषा, विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र यांना स्वतंत्र माणूस हवा. राज्याने शासन निर्णय काढून त्यात वेळोवेळी बदल केले. १५ मार्च २०२४ च्या निर्णयावरून शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या, कारण कमी पटाच्या शाळांना त्याचा फटका बसतो. कोयनेच्या पाण्याकाठी, बामणोलीकडे, जिथे वाडीत चारच घरं उरली आहेत, तिथल्या शाळेला पटाची फूटपट्टी लावणं मला कधीच पटलं नाही. पण हुकूम हुकूमच असतो.

एक प्रसंग सांगतो. शिक्षण हक्क कायदा लागू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला. माझ्या केंद्रातल्या एका शाळेचा पहिली ते पाचवीचा पट होता ६१. तिसरा शिक्षक त्या एका पोरावर उभा होता, असं आम्ही हसून म्हणायचो. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात विटांच्या भट्टीवरचं एक कुटुंब दुसऱ्या कामावर निघालं. त्यांची तिसरीतली मुलगी जाणार होती. मुख्याध्यापिका त्या बापाच्या मागे लागल्या, "पोरीला चार दिवस माझ्या घरी ठेवा." बाप म्हणाला, "बाई, पोरगी ठेवली तर भाकरी कोण करंल?" मुलगी गेली. ३० तारखेला हजेरी ६०. पुढच्या संचमान्यतेत तिसरं पद उडालं आणि शाळेतला सगळ्यात तरुण शिक्षक अतिरिक्त ठरून समायोजनात दुसरीकडे गेला. ती मुलगी कागदावर ठेवून देता आली असती. तसं करणारे होते, म्हणून तर ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवसांची पटपडताळणी झाली आणि मतदानासारखी पोरांच्या बोटाला शाई लागली. त्या बाईंनी तसं केलं नाही. मला त्यांचा अभिमानही वाटला, आणि शिक्षक गेल्याचं वाईटही.

म्हणून पहिलं काम हे करा. मुख्याध्यापकांकडून चालू वर्षाच्या संचमान्यतेची प्रत मागा. समितीच्या अध्यक्षांना ती बघायचा हक्क आहे. त्यात मंजूर आणि कार्यरत असे दोन आकडे असतील. फरक असेल तर जागा रिक्त आहे. फरक नसेल तर तुमची लढाई पटाची आहे.

आता तपासणीचं. शाळेवर लक्ष ठेवायची उतरंड अशी: मुख्याध्यापकावर केंद्रप्रमुख, त्याच्यावर तालुक्याला विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, जिल्ह्याला शिक्षणाधिकारी प्राथमिक. माध्यमिकचे शिक्षणाधिकारी वेगळे. त्यांच्या वर कोल्हापूरचे विभागीय उपसंचालक. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे पाच जिल्हे त्यांच्याकडे. त्याहून वर पुण्याला संचालक आणि आयुक्त. झेडपीत शिक्षण समितीही असते आणि तिथे सदस्य शाळांवरून बऱ्यापैकी आवाज करतात. २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक आले, तेव्हापासून तो आवाज बराच काळ बंद होता. अधिकाऱ्यांना तेव्हा बरं वाटलं असेल. मला नाही वाटलं.

केंद्रप्रमुखाने शाळेत जाऊन काय बघायचं याची यादी मोठी. हजेरीपत्रक, पोषण आहाराची नोंदवही, तांदळाचा शिल्लक साठा, कॅशबुक, डेडस्टॉक, समितीचं इतिवृत्त, शिक्षकांचं टाचण, मूल्यमापनाच्या नोंदी. सगळं बघून शेवटी शेरेबुकात शेरा. माझ्या सुरुवातीच्या भेटी यातच संपायच्या. पोती मोजली, सह्या केल्या, चहा घेतला, निघालो. एकदा जत तालुक्यात दुसरीच्या वर्गात बसलो होतो. एका मुलाने पुस्तक उघडून धडा खाडखाड वाचून दाखवला. गुरुजी खूश. माझं लक्ष मात्र त्याच्या बोटाकडे गेलं. तोंडातून चौथी ओळ चालली होती आणि बोट पहिल्याच ओळीवर थांबलेलं होतं. मी पान उलटलं आणि म्हटलं, "आता हे वाच बघू." पोरगं गप्प. धडा त्याला पाठ होता, अक्षर ओळखीचं नव्हतं. त्याच्या प्रगतीच्या नोंदी मात्र सुवाच्य अक्षरात, एकही रकाना रिकामा न ठेवता, पूर्ण होत्या.

त्या दिवसापासून शाळेत गेलो की आधी वर्ग आणि मग दप्तर, म्हणजे शाळेची कागदपत्रं, असा क्रम लावला. यात कोणा एका गुरुजींचा दोष नाही. नोंद मागणारे चार जण असतात, मूल वाचतंय का ते विचारणारा एखादाच. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. कल्पना चांगली होती, वर्गात ती बहुतेक ठिकाणी लिहिण्याचं काम होऊन बसली. २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली, नापास झालं तर पुनर्परीक्षा. त्याने पालक थोडे जागे झाले एवढं खरं. पण पाचवीला कळण्याऐवजी दुसरीतच कळलं पाहिजे, आणि ते तुम्हीसुद्धा करू शकता. समितीच्या बैठकीच्या दिवशी वर्गात जा, गाइडमध्ये नसलेला एखादा उतारा, अगदी वर्तमानपत्राचा तुकडाही चालेल, मुलांपुढे ठेवा. बोटाकडे बघत राहा.

पण दप्तराला मी हसत नाही हं. साताऱ्याच्या आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या रजिस्टरमध्ये ७ नोव्हेंबर १९०० ची नोंद आहे, क्रमांक १९१४, भिवा रामजी आंबेडकर. आता तो दिवस राज्यात विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. जनरल रजिस्टर हा कायम जपायचा कागद, तो का, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला यावरून समजावं. गरीब माणसाची जन्मतारीख आणि जात कित्येकदा या एकाच वहीत सापडते. म्हणून त्यात नाव किंवा तारीख दुरुस्त करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते. मुख्याध्यापकाला वाटलं म्हणून खाडाखोड चालत नाही.

पुस्तकांबद्दल. इथे जिल्ह्याचा अधिकार जवळजवळ शून्य. सांगलीचे शिक्षणाधिकारी म्हणाले म्हणून तिसरीच्या पुस्तकातला एक धडा गळणार नाही. अभ्यासक्रमाचा आराखडा पुण्याची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. मधे काही वर्षं तिचं नाव विद्या प्राधिकरण होतं, जुनी मंडळी अजून तेच म्हणतात. पुस्तकं बालभारतीची, ही संस्था २७ जानेवारी १९६७ पासून आहे. दहावी-बारावीच्या परीक्षा राज्य मंडळाच्या, आणि सातारा-सांगली-कोल्हापूर यांचं विभागीय मंडळ कोल्हापुरात. पाचवी-आठवीची म्हणून आपण ओळखतो ती शिष्यवृत्ती घेते राज्य परीक्षा परिषद, ती संस्था आणखी वेगळी. जिल्ह्यात शिक्षकांच्या प्रशिक्षणाला डाएट, सातारा जिल्ह्याचं ते फलटणला आहे.

निर्णय शेवटी मंत्रालयात होतो, आणि तो शैक्षणिकच असतो असं नाही. हिंदीचं उदाहरण ताजं आहे. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा निर्णय निघाला, १७ जूनला त्यात दुरुस्ती, आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. जूनमध्ये शाळा भरतात. त्या पंधरा दिवसांत वेळापत्रक कसं लावायचं, हे विचारायला माझ्याकडे जुने सहकारी फोन करत होते. मी काय सांगणार! तसंच कोऱ्या पानांचं. २०२३-२४ ला पुस्तकातच वहीची पानं घातली, दप्तराचं ओझं कमी व्हावं म्हणून, आणि २०२५-२६ पासून ती काढून टाकली. पोरं त्या पानांवर चित्रं काढायची. मला ते आवडायचं.

वरून काहीही ठरो, एक जागा खालच्या माणसाच्या हातात राहते: पुस्तकातला घटक कशावरून शिकवायचा. जतच्या सीमेवर कन्नड माध्यमाच्या झेडपी शाळा आहेत, त्यांनाही बालभारतीची कन्नड पुस्तकं येतात. तिथे कानडी घरातल्या पोरांना वजनमाप शिकवायला एक गुरुजी बेदाण्याचे बॉक्स आणि शेडवरचा काटा वापरायचे. अभ्यासक्रम तोच, अधिकृत पुस्तक तेच. यासाठी कुठल्याही साहेबाची परवानगी लागत नाही, आणि कोणी अडवलं तर चुकीचं अडवतो.

आता तुमच्या त्या पिवळ्या गाडीच्या शाळेबद्दल. सीबीएसई म्हणजे राज्याच्या हाताबाहेर, ही समजूत साफ चुकीची. सीबीएसई फक्त संलग्नता देते, अभ्यासक्रम ठरवते, परीक्षा घेते. शाळा काढायला राज्याची परवानगी लागते, संलग्नतेसाठी राज्याचं ना हरकत पत्र लागतं. शिक्षण १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेलं तेव्हापासून केंद्राचाही हात त्यात आहे, पण रोजचा कारभार अजून राज्याचाच. या शाळेलाही यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, असतो, तो २७ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्र. मराठी शिकवणं तिला २०२० च्या कायद्याने सक्तीचं आहे. फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडून मंजूर व्हावी लागते, आणि ती दरवर्षी वाढवता येत नाही, मधे दोन वर्षं जावी लागतात. शाळेच्या दर्शनी भागात मान्यतेचा क्रमांक शोधा. नसेल तर तालुक्याला विचारा. मान्यतेशिवाय शाळा चालवणं हा कायद्याने दंडाचा विषय आहे.

अनुदानित शाळांचं तुम्ही विचारलेलं नाही, पण आपल्या भागात हायस्कूल म्हणजे बहुतेक संस्थेचंच, म्हणून दोन वाक्यं. तिथे शिक्षक नेमते संस्था, पण शिक्षणाधिकारी माध्यमिक यांची वैयक्तिक मान्यता आणि शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला आयडी मिळेपर्यंत पगार निघत नाही. सेवाशर्ती १९७७ च्या कायद्याच्या आणि १९८१ च्या नियमांच्या. सरकारचा सगळा जोर अनुदानाच्या दोरीत आहे, आणि ती दोरी जुनी आहे. स्वातंत्र्यानंतर लगेचच खुद्द कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचं अनुदानही मुंबई सरकारने काही काळ रोखलं होतं.

तर तुमच्या शाळेचं. संचमान्यतेत जागा मंजूर आणि रिक्त असेल, तर समितीचा ठराव करा. तोंडी तक्रारीला ऑफिसात किंमत नसते, ठरावाला आवक क्रमांक पडतो. ठरावात एवढंच मागा: पवित्रची पुढची भरती किंवा समायोजन होईपर्यंत शेजारच्या शाळेतला शिक्षक कामगिरीवर, म्हणजे तात्पुरता, द्यावा. हे गटशिक्षणाधिकारी पातळीवर सुचवता येतं आणि शिक्षणाधिकारी करू शकतात. नवी भरती त्यांच्या हातात नाही, कामगिरी आहे. माझ्याकडे अशी पत्रं यायची तेव्हा "शिक्षक द्या" असं लिहिलेलं पत्र मी फाइलला लावायचो आणि "अमुक शाळेतून आठवड्यातले तीन दिवस द्या" असं लिहिलेलं पत्र घेऊन साहेबांकडे जायचो. कारण दुसऱ्यावर हो किंवा नाही म्हणता येतं.

तीन-चार आठवड्यांत हालचाल झाली नाही, तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे झेडपीकडेच, लेखी तक्रार करा. त्यावर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. तिथे समाधान झालं नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. मंत्री किंवा आमदारांकडे जायला माझी हरकत नाही, पण त्यांचं पत्रही शेवटी फिरून त्याच टेबलावर येतं, वर शेरा मारलेलं असतं, इतकाच फरक.

आणि जागाच मंजूर नसेल, तर पट वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. इंग्रजी शाळेत गेलेल्या पोरांपैकी दोन-चार घरं फी न झेपल्याने परत यायला तयार असतातच, पण "ती शाळा दाखला देत नाही" म्हणून अडतात. त्यांना सांगा, दाखला मिळायला उशीर झाला म्हणून झेडपी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, आणि फी थकली म्हणून दाखला अडवून धरायचा अधिकार त्या शाळेला नाही. मुलाला वर्गात बसवा, दाखल्याची मागणी मुख्याध्यापकांनी लेखी करू द्या. विद्यार्थ्यांच्या नोंदीच्या पोर्टलवर जुन्या शाळेने नाव सोडलं नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना कळवा. मात्र हे सगळं ऑगस्टमध्ये करा. २९ सप्टेंबरला माझ्यासारख्या माणसाला फोन करून उपयोग होत नाही.

अर्जाच्या डोक्यावर शाळेचा यूडायस क्रमांक घाला, खाली ठरावाची तारीख, सोबत संचमान्यतेची झेरॉक्स. दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक मारून घेतल्याशिवाय पंचायत समितीच्या पायऱ्या उतरू नका. क्लार्क म्हणेल, "साहेब जेवायला गेलेत, ठेवून जा." ठेवू नका. बाहेर चहाची टपरी आहे, तिथे बसा, साहेब तिथूनच परत येतात.